'डेप्थ'ला 'खोली' म्हणावे का? आणि 'पराशय' की 'लंबन'?

भाषांतरवाली: मुलांच्या एका मासिकासाठी मी डोळ्यांवरचा लेख मराठीत आणते आहे. आपण स्वतः हललो की जवळच्या वस्तू डोळ्यांपुढून भरभर सरकतात, लांबच्या सावकाश सरकतात आणि या फरकावरून मेंदू पुढचे-मागचे ठरवतो, असा त्याचा विषय आहे. मूळ लेखातल्या 'मोशन पॅरॅलॅक्स'साठी मी 'गतिजन्य पराशय' आणि 'डेप्थ'साठी 'खोली' असे लिहिले होते. संपादकांनी दोन्हींवर काट मारली. खोली विहिरीला असते किंवा घरात असते, समोरच्या झाडीला नसते, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या घरी मात्र 'दुकान तोंडाशी अरुंद, पण आत खोल आहे' असे सर्रास म्हणत. मग समोरच्या दिशेच्या अंतराला 'खोली' म्हणायला हरकत कोणती?

जुना मास्तर: ताई, 'खोली'ला माझी हरकत नाही, 'पराशय'ला आहे. 'आशय' म्हटले की मराठी वाचकाला मजकुराचा अर्थ आठवतो, नाहीतर जलाशय. आपल्याकडे याहून फार जुना शब्द पडून आहे, तो म्हणजे 'लंबन'. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलगणिताच्या ग्रंथात सूर्यग्रहणाच्या गणितासाठी लंबन आणि नती हे दोन संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, दिले आहेत. गणित पृथ्वीच्या केंद्रातून करायचे आणि पाहणारा उभा असतो पृष्ठभागावर, त्यामुळे त्याला चंद्र गणितापेक्षा क्षितिजाकडे खाली उतरलेला, लोंबल्यासारखा दिसतो. क्षितिजाजवळ हा फरक जवळजवळ एक अंशाचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या सुमारे दुप्पट भरतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ताऱ्याचे अंतर काढले ते याच तत्त्वावर. तिथे पृथ्वी सहा महिन्यांत सुमारे ३० कोटी किलोमीटर सरकते, इथे आपले डोके वीतभर सरकते. भूमिती एकच असताना शब्द दोन कशाला?

तिफण: मास्तर, आपल्याबद्दल आदर ठेवून लिहितो. 'लंब' म्हणजे काटकोनातली रेषा हे सातवीतल्या मुलाला पक्के ठाऊक असते, आणि लंबक घड्याळात असतो. त्याला 'लंबन' सांगितले तर तो उभ्या रेषेचाच विचार करणार. मी सांगलीकडचा. लहानपणी एसटीच्या खिडकीतून उसाच्या नव्या लागणीचे रान पाहायचो. रस्त्याला आडव्या गेलेल्या सऱ्या एकेक करून समोर उघडत, क्षणभर थेट बांधापर्यंतची माती दिसे आणि लगेच ती सरी मिटून पुढची उघडे. सगळे रान पंख्यासारखे फिरते आहे असे वाटे. सरीचे अलीकडचे टोक झपाट्याने मागे जाई, बांधावरचे टोक जागच्या जागी रेंगाळे. यासाठी संस्कृतकडे धाव घेण्याची गरज नाही. 'सरकभेद' म्हणा, मुलाला अर्थ विचारावा लागणार नाही.

नेत्रपल्लवी: 'सरकभेद' ऐकायला चांगला आहे, पण तो अर्धेच सांगतो. त्याच एसटीतून मधल्या एखाद्या झाडावर नजर रोखून धरा. त्याच्या अलीकडचे सारे मागे जाताना दिसेल आणि पलीकडचे मात्र तुमच्याबरोबर पुढे येताना दिसेल. म्हणजे नुसत्या वेगावरून पुढचे-मागचे ठरत नाही. नजर खिळवण्यासाठी आपला डोळा कोणत्या बाजूला वळतो आहे, ही खबरही मेंदूला लागते. २००८ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या, दिसणारी हालचाल टिपणाऱ्या एमटी या भागात अशा पेशी आढळल्या, की ज्या केवळ या सरकण्यावरून 'अलीकडे' आणि 'पलीकडे' यांत फरक करतात.

मास्तरांचा 'भूमिती एकच' हा मुद्दाही मला पटत नाही. बेसेलने अंतर गणिताने काढले. आपल्याला ते थेट दिसते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने दाट जंगलाचे उदाहरण दिले आहे: उभे राहिलात तर फांद्या आणि पाने एकमेकांत मिसळून जातात, चालू लागलात की प्रत्येक झाड सुटे होते. १९७९ मध्ये रॉजर्स आणि ग्रॅहम या संशोधकांनी पडद्यावर नुसते विखुरलेले ठिपके ठेवले, पाहणाऱ्याला एकच डोळा वापरायला लावला आणि डोके डावी-उजवीकडे हलेल तसे ठिपके सरकवले. डोके स्थिर असताना पडदा सपाट दिसे, हलू लागले की पन्हळी पत्र्यासारखे उंचवटे आणि खळगे दिसत. माझ्या काकांचा एक डोळा गेल्यावर पहिले काही महिने त्यांची चहाची धार कपाबाहेर पडे. पुढे पुढे ते किटली कलती करण्याआधी मान हलकेच इकडून तिकडे नेऊ लागले आणि धार कपातच पडू लागली. त्यांना ही युक्ती कोणी शिकवली नव्हती. म्हणून माझ्या मते सरकणे आणि त्यातून जाणवणारी खोली यांना दोन वेगळे शब्द हवेत.

भाषांतरवाली: तुमच्या काकांचे उदाहरण लेखात घ्यायची परवानगी द्याल का? 'खोली' मात्र ठेवू की 'अंतर' लिहू? 'अंतर' लिहिले तर ते किती मीटर आहे असा प्रश्न येतो, आणि इथे मुद्दा मोजण्याचा नसून पुढे-मागे दिसण्याचा आहे.

नेत्रपल्लवी: अवश्य घ्या.

जुना मास्तर: तिफणदादा, 'लंब' शाळेत काटकोनापुरता उरला हा शब्दाचा दोष नव्हे. गवंड्याच्या हातातला ओळंबा 'अवलंब'वरून आला, म्हणजे 'लंबन' त्याच घरातला. लोंबणे हा अर्थ अजून गावोगाव जिवंत आहे.

तिफण: ओळंबा खाली लोंबतो, मास्तर. माझ्या सऱ्या आडव्या सरकत होत्या. आणि ओळंब्याचे काम भिंत हललेली नाही हे दाखवण्याचे. न हलणाऱ्याची खूण हलण्याच्या नावात कशी चालेल?

जुना मास्तर: ओळंबा सोडताना गवंडी एक डोळा का मिटतो, ते आधी पाहू. तिथे दोरी आणि भिंतीची कड यांचा मेळ तो मान सरकवूनच घेतो.