फिलिपिनो पूल खेळाडूंचे सामने : सुरुवात कोठून करावी?

लाल_चेंडू_पुणे :
नमस्कार. मी बरीच वर्षे क्लबमध्ये स्नूकर खेळतो. पूल या बिलियर्ड्सच्या प्रकाराशी माझा परिचय मात्र नियमांपुरताच आहे. फिलिपिन्सच्या खेळाडूंचे, विशेषतः एफ्रेन रेयेस यांचे नाव सतत कानावर येते. त्यांचे कोणते सामने कोणत्या क्रमाने पाहावेत आणि पाहताना लक्ष कशावर ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. निवडक फटक्यांच्या चित्रफिती नकोत, पूर्ण सामने सुचवावेत.

खडूवाला :
सामन्यांकडे वळण्यापूर्वी रोटेशन हा खेळ समजून घ्यावा, असे मी सुचवेन. त्यात 1 ते 15 हे सर्व चेंडू क्रमाने घालवायचे असतात आणि चेंडूवर जो आकडा असेल तेवढे गुण मिळतात; एकूण गुण 120, त्यामुळे 61 झाले की डाव जिंकला. फिलिपिन्सच्या पूल हॉलमध्ये पैजेवर हा खेळ रंगत असे, आणि रेयेस अशाच वातावरणात, मनिलातल्या एका नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये वाढले. पंधरा चेंडूंच्या गर्दीतून पांढरा चेंडू हव्या त्या जागी नेण्याची ज्याला सवय झाली आहे, त्याला नाइन-बॉलचे (1 ते 9 हेच चेंडू क्रमाने खेळायचा पूलचा प्रकार) नऊ चेंडू म्हणजे जवळजवळ मोकळे टेबल वाटते.

स्नूकर खेळणाऱ्याने आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. स्नूकरमध्ये अडकवलेल्या चेंडूला स्पर्श झाला नाही तर काही गुण प्रतिस्पर्ध्याला जातात. नाइन-बॉलमध्ये फाऊल झाला की प्रतिस्पर्धी पांढरा चेंडू हाताने कोठेही ठेवू शकतो आणि बहुधा रॅकच, म्हणजे तो डावच, हातचा जातो. म्हणून कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेवरून, वळवून मारलेल्या किक शॉटला तेथे एवढे महत्त्व आहे. चित्रफिती नकोत असे आपण म्हटले आहे, तरी एक अपवाद करावा : 1995 साली अमेरिकेतील रेनो येथे अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंड यांच्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात रेयेस यांनी दोन कुशनवरून मारलेला फटका. तो पाहिल्यावर 1999 ची कार्डिफ येथील जागतिक नाइन-बॉल स्पर्धा, जी त्यांनी जिंकली, पूर्ण पाहावी. हाँगकाँगचा 1996 चा सामना, ज्यात त्यांनी स्ट्रिकलंड यांना 120–117 रॅक असे हरवले, तो अनेक दिवस चालला होता. तो सुरुवातीला मुळीच पाहू नये.

तिसरी_कुशन :
खडूवाला यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. जुन्या चित्रणात चेंडूंचे आकडे नीट दिसत नाहीत आणि नवख्या प्रेक्षकाला क्रम कळेनासा होतो. माझ्या मते कार्लो बियाडो यांच्यापासून सुरुवात करावी. 2021 च्या यूएस ओपन या पूल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिंगापूरच्या अलॉयसियस याप यांच्याविरुद्ध ते 3–8 असे मागे होते आणि तेथून सलग दहा रॅक घेऊन 13–8 असे जिंकले. त्यांचा ब्रेक, म्हणजे रचलेले चेंडू फोडणारा पहिला फटका, पाहा. एवढ्या मोठ्या पुनरागमनात नशिबाचा वाटा किती आणि ब्रेकनंतरच्या मांडणीचा किती, हे पाहणाऱ्याला आपोआप कळू लागते.

फ्रान्सिस्को बुस्तामांते यांना वगळू नये. 2002 मध्ये कार्डिफ येथे स्पर्धा चालू असतानाच त्यांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले. तरीही ते अंतिम फेरीपर्यंत खेळले आणि स्ट्रिकलंड यांच्याकडून थोडक्यात हरले. जागतिक विजेतेपद त्यांना 2010 साली दोहा येथे मिळाले. हे दोन्ही अंतिम सामने लागोपाठ पाहावेत. महिलांमध्ये रुबिलेन अमित आणि चेझ्का सेंतेनो या दोघी जगज्जेत्या आहेत. अमित यांची सेफ्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका मिळू न देणारा बचावाचा खेळ, मला अनेक पुरुष खेळाडूंपेक्षा सरस वाटते, हे माझे वैयक्तिक मत समजावे.

लाल_चेंडू_पुणे :
दोघांचेही आभार. आमच्या क्लबात पूलचे टेबल आहे, पण ते सहसा रिकामेच असते. रोटेशनचा सराव एकट्याने करता येईल काय?

खडूवाला :
अवश्य येईल. पंधराही चेंडू रचून ब्रेक करावा आणि 1 पासून क्रमाने घालवत जावे. चुकल्यावर तोपर्यंतचे गुण लिहून पुन्हा रचावे. आरंभी 61 चा विचारही करू नये. प्रत्येक फटक्यापूर्वी पांढरा चेंडू कोठे थांबला पाहिजे ती जागा मनात ठरवावी, आणि चेंडू पॉकेटमध्ये गेला तरी ती जागा चुकली असेल तर तो फटका फसला असे धरावे. टेबल लहान आकाराचे असल्यास चेंडूंची दाटी फार होईल. तेव्हा आधी दहाच चेंडू घ्यावेत.