‘पैसा कुठून आणायचा ते सरकार बघेल’ म्हणणाऱ्या गुरुजींना उत्तर

पॅनमन_कराड
परवा इथे एका गुरुजींनी लिहिलं, ‘जुनी पेन्शन आमचा हक्क आहे, पैसा कुठून आणायचा ते सरकार बघेल.’ जुनी पेन्शन म्हणजे निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना ती नाही. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

मी साखर कारखान्यात ३१ हंगाम काढले. रात्रपाळीला, साखर जिथे शिजते त्या पॅनच्या काचेला डोळा लावून दाणा कसा बसतोय ते बघायचं, वाफ अंगावर घ्यायची. २०१९ ला निवृत्त झालो. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन बसली २,९०० रुपये आणि आजही २,९०० च आहे. आमच्या पेन्शनीला महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर अडकली आहे. पेन्शनीसाठी आमच्या नावानेही दरमहा पैसे भरले जात होते, गुरुजी.

आणि सरकार म्हणजे कोण? राज्यावर नऊ लाख कोटींच्या वर कर्ज आहे. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा जातो. आपल्याकडे जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, दोनच्याही खाली आलाय. म्हणजे उद्या कमावणारे कमी आणि म्हातारे जास्त. आधी साठीनंतरच्या प्रत्येकाला जगण्यापुरतं द्या, मग कुणाला अर्धा पगार द्यायचा ते बोलू.

विनाअनुदानित_गुरुजी
ते गुरुजी मीच. काका, तुमचं दुःख खरं आहे, पण राग चुकीच्या माणसावर काढताय.

माझी नेमणूक २००१ ची. शाळा विनाअनुदानित. पहिली चार वर्षं एक रुपया पगार नाही, सकाळी शाळा आणि संध्याकाळी किराणा दुकानात हिशेब लिहायचो. मग २०, ४०, ६० असं टप्प्याटप्प्यानं अनुदान आलं. १०० टक्के झालं ते २००५ च्या बऱ्याच नंतर. आता सांगतात, १ नोव्हेंबर २००५ ला शाळा पूर्ण अनुदानित नव्हती, म्हणून जुनी पेन्शन नाही. नेमणूक आधीची, मान्यता आधीची, मग माझा दोष काय? नव्या पेन्शनीचा काही पैसा शेअर बाजारात असतो. बाजार पडला त्या साली मी निवृत्त झालो तर काय खायचं?

द्राक्षबाग_निफाड
हक्काचं बोलताय म्हणून विचारतो. १४ मार्च २०२३ ला तुम्ही सगळे जुन्या पेन्शनीसाठी संपावर गेलात. त्याच आठवड्यात अवकाळी आला. माझ्या अडीच एकरांतले द्राक्षाचे मणी तडकले. तडकलेला मणी दोन दिवसांत आंबतो, माश्या बसतात, शेजारचा चांगला घडही जातो. माल उतरवून टाकावा तर पंचनाम्याला दाखवणार काय, आणि ठेवावा तर उरलेली बाग सडते. तलाठी संपावर. २० तारखेला संप मिटला, तोवर बागेत उभं राहवत नव्हतं. आम्हाला कुठली पेन्शन?

विनाअनुदानित_गुरुजी
मी शिक्षक आहे, तलाठी नाही. तुमच्या बागेचं पाप माझ्या माथी मारू नका.

द्राक्षबाग_निफाड
मोर्चात घोषणा एकच होती, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. तेव्हा सगळे एक होता, आता वेगळे झालात?

विनाअनुदानित_गुरुजी
संप केला नसता तर कुणी विचारलंही नसतं! शेतकरी रस्ता अडवतात तेव्हा आम्ही कधी बोललो का? तुमच्याच पोरांना शिकवतो आम्ही.

द्राक्षबाग_निफाड
माझी पोरगी तेव्हा दहावीला होती, सर. बोर्डाची परीक्षा चालू असताना तुम्ही बाहेर बसलात. ते मी विसरणार नाही.

लेखाशाखा
भांडण थांबवा, मुद्द्यावर या. मी आयुष्यभर बिलं तपासली आहेत. जुन्या पेन्शनीचा धोका असा की ती आज स्वस्त वाटते. नव्या योजनेत सरकारला दरमहा १४ टक्के रोख भरावे लागतात. जुनी परत आणली की हा भरणा थांबतो, या अर्थसंकल्पात पैसा वाचल्यासारखा दिसतो. २००६ ला लागलेला माणूस २०३५ च्या पुढे निवृत्त होईल, बिल तेव्हा येईल. ते भरायला सही करणारा मंत्री नसेल, आज शाळेत बसलेली पोरं असतील. राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल याच वाटेनं गेले. त्यापेक्षा २०२४ ची एकीकृत पेन्शन योजना बरी. २५ वर्षं सेवेला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, आणि कर्मचाऱ्याचे १० टक्केही त्यात येतात.

चौकातला_माणूस
एक टर्म आमदार झालेल्याला महिना ५०,००० पेन्शन. आधी ती बंद करा!

लेखाशाखा
बंद करा, माझी हरकत नाही. पण माजी आमदार काही शे, कर्मचारी १७ लाख. त्यानं तिजोरी भरणार नाही.

अंबाजोगाईची_सून
तुम्ही सगळे पगारवाल्यांचंच बोलताय. माझ्या सासूबाई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या. त्यांना ना ईपीएस, ना जुनी, ना नवी. लाडकी बहीणचे १,५०० येत होते, ते ६५ पूर्ण होताच बंद. म्हणाले, आता श्रावणबाळचा, म्हणजे सरकारच्या वृद्ध पेन्शनीचा अर्ज करा. लाडक्या बहिणीला घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळला वर्षाला २१,००० च्या आत दाखवायचं. म्हणजे महिन्याला १,७५०! त्यात कोणतं घर चालतं? तहसीलला चार चकरा झाल्या. कसंबसं मंजूर झालं, तर आता मशीनवर अंगठा उठत नाही. खुरपं धरून बोटं इतकी झिजली आहेत की मशीनवर रेषाच येत नाहीत. मशीनवाला मुलगा ओल्या फडक्यानं पुसतो, परत दाबतो, परत लाल दिवा. सासूबाई विचारतात, ‘माझं काय चुकलं गं?’

पॅनमन_कराड
ताई, हयातीच्या दाखल्याला माझंही तेच झालं होतं. आता चेहऱ्यावरून होतं, सेवा केंद्रात विचारा. श्रावणबाळला चालतं का तेही विचारून घ्या.

मला हेच म्हणायचं होतं. ६४ व्या वर्षी पात्र असलेली बाई ६५ व्या वर्षी अडवली जाते, हा कुठला न्याय? वृद्धांच्या पेन्शनीत केंद्राचा वाटा तर ७९ व्या वर्षापर्यंत महिन्याला २०० रुपये, कित्येक वर्षं तेवढाच.

गुरुजी, २००१ च्या नेमणुकीचं तुमचं म्हणणं मान्य करतो, तुमच्यावर अन्याय झालाय. पण सरसकट जुनी पेन्शन, याला माझा विरोधच राहील.

विनाअनुदानित_गुरुजी
‘सरकार बघेल’ असं लिहायला नको होतं, एवढं मागे घेतो. मागणी मागे घेत नाही. ताई, २१,००० ची अट वाढवण्यासाठी निवेदन लिहायचं असेल तर मी लिहून देतो. शाळा सुटल्यावर वेळ असतो.

द्राक्षबाग_निफाड
त्या निवेदनावर माझीही सही घ्या. बाकी तुमच्याशी माझं जमणार नाही, सर.