परराष्ट्र सेवेत राहून कादंबऱ्या लिहिता येतात?

खाडीकाठची: वेंगुर्ल्याहून लिहितेय. यूपीएससीची तयारी चालू आहे, पहिली पसंती परराष्ट्र सेवा. रात्री मात्र कादंबरी. ८४ पानं झालीत. बाबा म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नको. कुणाला जमलंय?

जुना_कारकून: विकास स्वरूप १९८६च्या तुकडीचे. पहिली कादंबरी लंडनला नेमणुकीवर असताना दोनेक महिन्यांत लिहिली, २००५ला आली. तिच्यावरच्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ सिनेमाला ८ ऑस्कर! पण तोवर नोकरीत मुरले होते, हे बघ. फ्रान्सचे कादंबरीकार रोमँ गारी १९५६ला गोंकूर हे तिकडचं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं तेव्हा लॉस एंजेलिसला वाणिज्यदूत होते.
मी साधा कारकून, रत्नागिरीत ३१ वर्षं. दिवसभर मसुदे खरडले की संध्याकाळी स्वतःचं वाक्यही ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सुरू व्हायचं. म्हणून पहाटे लिहायचो, पंप लावून बागेतल्या कलमांना पाणी सुटेपर्यंत. कथाच झाल्या, कादंबरी नाही.

मालवणी_माणूस: आधी पूर्वपरीक्षा काढ गो चेडवा. वही खय पळून जाता?

खाडीकाठची: काका, वही माळ्यावर टाकली होती. काल रात्री शिडी लावून परत काढली.