मदत हवी आहे: शाळेत व्हीलचेअर बास्केटबॉल सुरू करायचंय, पण पोरं तिला खोटं खोटं खेळवतायत

नमस्कार मंडळी,

मी हायस्कूलला पीटी शिकवतो. कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळलोय, शाळेची टीम पण बरीच वर्षं मीच घेतोय, पण व्हीलचेअर बास्केटबॉल म्हणाल तर पॅरालिम्पिकच्या दोन-चार मॅचेस बघितल्यात तेवढंच. म्हणून इथे विचारतोय.

नववीत एक मुलगी आहे, स्पायना बिफिडा आहे तिला (जन्मतःच मणका नीट जुळलेला नसतो), लहानपणापासून व्हीलचेअरवरच. गेली दोन वर्षं पीटीच्या तासाला मी तिच्या हातात स्कोअरशीट द्यायचो आणि मला वाटायचं की चला, तिला सामील करून घेतलं. गेल्या महिन्यात तास संपला, सगळे पाणी प्यायला पळाले, ती मागे थांबली आणि म्हणाली, "सर, सगळ्यांचे फाऊल लिहून लिहून मला पाठ झालेत. आता मला पण एक फाऊल करायचाय." मला काय बोलावं सुचेना.

दुसऱ्या दिवशी तिला खेळायला घेतलं. पोरं चांगली आहेत हो, वाईट एकही नाही, पण ती बॉल मांडीवर घेऊन निघाली की सगळे बाजूला होतात, कोणी आडवंच येत नाही, रिंगखाली जाऊन तिने चार वेळा बॉल टाकला, चारही वेळा तो बोर्डापर्यंतसुद्धा गेला नाही, आणि तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने बॉल माझ्याकडे दिला आणि परत टेबलापाशी जाऊन बसली. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

तर माझा प्रश्न सुरक्षिततेचा आहेच, पण त्याहून मोठा हा आहे की हा खेळ तिच्यासाठी खरा कसा करायचा? शाळेत अजून दोन मुलं आहेत. एकाला अपघातात मणक्याला मार लागलाय, छातीखालचं काही जाणवत नाही. दुसऱ्याचा एक पाय गुडघ्याखाली नाहीये, कृत्रिम पायावर चालतो, तो चेअर वापरतच नाही, मग त्याला यात घेता येतं का? बाकीच्या धडधाकट पोरांना चेअरवर बसवलं तर चालतं का? रिंग खाली करायची का? रोजच्या चेअरवर खेळलं तर काय बिघडतं? जेवढं माहीत असेल तेवढं सांगा प्लीज.

प्रतिसाद १

सर, मी शाळेत असल्यापासून खेळतोय, २.० पॉइंटचा प्लेअर आहे (हे काय ते पुढे सांगतो). आधी तुमच्या कृत्रिम पायवाल्या मुलाचं सांगतो, त्याला नक्की घ्या!! खूप लोकांना वाटतं की रोज व्हीलचेअर वापरणाऱ्यांचाच हा खेळ, तसं नाहीये, आमच्यातले कितीतरी जण मॅच संपली की उठून चालत घरी जातात. ज्याला पायामुळे उभ्याचा बास्केटबॉल नीट खेळता येत नाही तो सहसा यात बसतो.

आता पॉइंटचं नीट समजून घ्या कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. प्रत्येक प्लेअरला १.० पासून ४.५ पर्यंत पॉइंट मिळतात (स्कोअरचे नव्हेत), धडावर आणि हालचालीवर जितका जास्त ताबा तितके जास्त. आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे तुम्हाला ४.५ चे दोन तगडे प्लेअर उतरवायचे असतील तर उरलेल्या तिघांत फक्त ५ पॉइंट उरतात, २, २ आणि १. त्या १ वाल्यावाचून टीमच उभी राहत नाही. तो कुणाच्या मेहेरबानीने कोर्टवर नसतो.

आणि बाजूला होण्याचं म्हणाल तर पोरांना एक नियम शिकवा, चेअर ही प्लेअरच्या शरीराचाच भाग धरतात. जागा आधी तिने घेतली आणि कोणी येऊन धडकलं तर फाऊल त्याचा, ती दुसऱ्याच्या वाटेत उशिरा घुसली तर फाऊल तिचा. यातूनच आमच्या खेळातली सगळ्यात भारी गोष्ट येते, पिक, म्हणजे समोरच्याच्या वाटेत थांबून त्याला अडवणं. उभा माणूस पिकमधून कडेने सरकून निसटतो, चेअरला आडवं सरकताच येत नाही, त्यामुळे तुमची चेअर समोरच्याच्या चाकाला बरोबर अडकवली की तो तिथेच संपला, त्याला मागे घेऊन वळून यावं लागतं तोवर बास्केट पडलेली असते. शूटिंग न येणारा प्लेअरसुद्धा पिक लावून मॅच फिरवतो. तिला आधी हे शिकवा, शूटिंग नंतर.

बाकी रिंग ३.०५ मीटरचीच असते, कोर्टही तेच. पण शाळेत सुरुवातीला रिंग खाली करा, ६ नंबरचा बॉल द्या, पायाचा जोर मिळत नाही त्यामुळे बॉल तोकडा पडणारच. चाकांना दोन पुश मारून झाले की ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटणं), पास किंवा शॉट, तिसरा पुश मारला की ट्रॅव्हलिंग. डबल ड्रिबल मात्र नसतं, थांबून पुन्हा ड्रिबल केलं तरी चालतं. आणि जमिनीवरचा बॉल उचलायला वाकायचं नाही, बॉल चाकाला दाबून धरायचा आणि चाक फिरू द्यायचं, तो आपोआप वर हातात येतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अख्खी दुपार तेवढंच करत बसलो होतो.

धडधाकट पोरांना प्रॅक्टिसला खुशाल बसवा, चेअरवर बसलं की त्यांचं बाजूला होणं बंद होतं बघा. ऑफिशियल स्पर्धेत कोण चालतो ते त्या त्या स्पर्धेचे नियम बघून ठरवा.

रोजच्या चेअरवर पुशिंग, पासिंग, शूटिंग करा, धडक नाही. स्पोर्ट्स चेअरची चाकं खाली फाकलेली असतात म्हणून ती पटकन वळते आणि आडवी होत नाही, मागे उलटू नये म्हणून छोटं चाक असतं, पुढे धडक घ्यायला दांडी असते. कंबर, गुडघे, पावलं पट्ट्यांनी बांधायची. पट्टा ढिला असला तर चेअर एकीकडे आणि प्लेअर दुसरीकडे.

प्रतिसाद २

मी फिजिओ आहे, थोडक्यात लिहिते. स्पायना बिफिडाच्या मुलांमध्ये लेटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते, त्यामुळे व्यायामाचे रबर बँड, ग्लोव्हज तपासूनच द्या. डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असेल तर धडकीचा खेळ सुरू करण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोला. मणक्याची इजा असलेल्या मुलाला घाम नीट येत नाही, अंग तापत जातं आणि त्याला कळतही नाही, स्प्रेच्या बाटलीत गार पाणी ठेवा, सावलीत थांबे घ्या. त्याचं अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला तर तो दमलाय असं समजू नका, बीपी एकदम चढलेलं असू शकतं. ताठ बसवा, पट्टे सैल करा, लघवी तुंबलीये का बघा, लगेच मदत बोलवा. दर १५-२० मिनिटांनी सीटवरून वजन हलवायचं आणि खेळून झाल्यावर घरी त्वचेवर लाल डाग बघायचा, हे तिघांच्या आईवडिलांना सांगून ठेवा. खांद्याचा मागचा भाग मजबूत करायचे व्यायाम पहिल्या दिवसापासून.

मूळ लेखक

सगळ्यांचे खूप खूप आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण चेअर जमवत होतो, पाच जुन्या स्पोर्ट्स चेअर उसन्या मिळाल्यात. डॉक्टरांची चिठ्ठी आली, तिला शंट आहे पण त्यांनी परवानगी दिली. कृत्रिम पायवाला आधी नाही म्हणत होता, मग एकदा बसला आणि आता उठत नाही.

परवा तिने आमच्या टीमच्या सगळ्यात उंच पोराला पिक लावला. तो बिचारा चाक सोडवायला धडपडतोय, मागे जातोय, पुन्हा अडकतोय, ती हलायला तयार नाही आणि तेवढ्यात पलीकडून बास्केट झाली. पुढच्याच डावात त्याने येऊन तिला दाणकन ठोकलं. मी शिट्टी तोंडात धरून उभा, पण वाट आधी त्याची होती, उशिरा ती घुसली होती. फाऊल तिचाच दिला. तिने हात वर केला आणि स्कोअरशीटवर बसलेल्या पोराला ओरडून सांगितलं, "लिही!"

एक विचारायचं राहिलं. तिच्या दोन्ही तळव्यांना, अंगठ्याच्या बुडाशी मोठे फोड आलेत. ग्लोव्हज घातले तर बॉल निसटतो म्हणते. तुम्ही लोक बोटांना टेप लावता का, आणि लेटेक्स नसलेली कुठल्या प्रकारची टेप घ्यायची?