क्रूझवरची मैत्री जहाजावरच सोडून यावी

कोलशेतकर (धागाकर्ता):
मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. क्रूझवर जुळलेली मैत्री जहाजावरच ठेवून यावी. बॅलार्ड पिअरला उतरताना बॅगा मोजून घ्याव्यात, फोन नंबर घेऊ नयेत.

मागच्या हिवाळ्यात मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ केली. टूरवाल्यांनी रात्रीच्या जेवणाला आम्हा सहा जणांचं एकच टेबल लावून दिलं होतं. पहिल्या रात्री "तुम्ही कुठले?", दुसऱ्या रात्री एकमेकांच्या ताटातलं चाखणं, तिसऱ्या रात्री डेकवर बारा वाजेपर्यंत गप्पा. टेबलावर साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या, नेरूळच्या. एका रात्री रेलिंगला टेकून त्यांनी मुलीच्या घटस्फोटाची सगळी कहाणी मला आणि बायकोला सांगितली. जावयाने लॉकरची किल्ली कशी दडवून ठेवली, अगदी इथपर्यंत. "घरी अजून कोणालाच माहीत नाही," म्हणाल्या.

काही महिन्यांनी तीन हात नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये लग्नाला गेलो, तर समोर त्याच. सोबत पाच-सात नातेवाईक. मी हसून पुढे झालो. त्यांनी "कोण आपण?" असा चेहरा केला आणि आइस्क्रीमच्या काउंटरकडे वळल्या.

मला राग आला नाही, बाईंचं बरोबरच होतं. परका माणूस पुन्हा भेटणार नाही या भरवशावर त्या बोलल्या होत्या. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली परक्या माणसावर एक छोटा निबंध लिहिला. जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी लोक बाहेरून आलेल्यापाशी उघड्या करतात, असं त्यात आहे. तो परका उद्या ठाण्याच्या हॉलमध्ये पंगतीला दिसला की सगळाच घोळ.

शिवाय जहाजावर कोणाची कामवाली दांडी मारत नाही, कोणाला सकाळची गाडी गाठायची नसते. जेवणाचे पैसे तिकिटातच भरलेले, त्यामुळे बिल कोणी द्यायचं हा प्रश्नही नाही. ज्या दोन-तीन गोष्टींत माणूस कळतो, त्याच तिथे नसतात. मग सगळेच गोड.

घंटाळीची मावशी:
अहो, एक विचारू? पुढे झालात तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं?

कोलशेतकर:
"आता सगळं ठीक आहे ना?" एवढंच. त्यात काय वावगं?

घंटाळीची मावशी:
पाच-सात नातेवाईकांसमोर! मी आइस्क्रीमकडे नाही, थेट रिक्षाकडे गेले असते. त्या बाईंनी तुमच्याशी मैत्री मोडली नाही हो, तुमचं तोंड बंद केलं. दोन्हींत फरक आहे.

आता माझं ऐका. यजमान गेल्यावर मुलाने बळेच सिंगापूरच्या क्रूझला पाठवलं. मी तर हो-नाही करत खोलीतच बसणार होते. जेवणाच्या टेबलावर शेजारी खारघरच्या एक बाई आल्या, बँकेतून निवृत्त, बोलण्यात फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तुम्ही सारखं सॉरी का म्हणता हो वेटरला?" त्यांच्याशी कधी पटेल असं वाटलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा पुण्यात, सून परीक्षेत. ही बाई ठाणे-पनवेल लोकलने रोज सकाळी यायची, डब्यात मऊ भात घेऊन. थेंब घालायची आणि घड्याळात बघत समोर बसायची, कारण दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची असतात. मी डोळे मिटून पडलेली आणि ही पेपर मोठ्याने वाचतेय, तोही निधनवार्ता गाळून. आमच्या चाळीस वर्षांच्या शेजाऱ्यांनी बेल वाजवून "काही लागलं तर सांगा" म्हटलं. काय लागेल ते कोणी विचारलं नाही.

तेव्हा नंबर घेऊ नयेत, हे मला मान्य नाही.

ऐरोलीकर:
धागाकर्त्याला +१. आमच्या क्रूझचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आठवडाभर फोटो, महिनाभर गुड मॉर्निंग, आणि मग टेबलावरच्या एका गोड काकांनी विमा विकायला सुरुवात केली. आता ग्रुपवर फक्त काका आणि त्यांच्या पॉलिसी उरल्यात.

फास्ट लोकल:
मावशी, तुमचा अनुभव अपवाद म्हणून सोडा. नियम काय ते आकड्यांवर बघू. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८चा अभ्यास आहे. ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर. आता क्रूझचा हिशेब करा. पाच रात्री, जेवणाचे रोज दोन तास, झाले दहा. डेकवरच्या गप्पा, चहा, बंदरावरचं फिरणं धरून तीस म्हणा. जुजबी मैत्रीसुद्धा पुरी होत नाही.

आता ठाण्याहून सकाळी सीएसएमटी फास्ट पकडणारा आमचा ग्रुप बघा. एका बाजूची पन्नास मिनिटं, वर्षाचे २४० दिवस. फक्त जाण्याचेच २०० तास होतात, तेही एका वर्षात. आणि तिथे माणसाची परीक्षा रोज असते. भांडुपपर्यंत उभं राहून तुम्हाला बसायला कोण देतो, हे ज्याला कळलं त्याला माणूस कळला. दसऱ्याला डबा सजवतो, आजारपणात रक्त देतो. क्रूझवाल्यांनी आमच्याशी बरोबरी करू नये.

घंटाळीची मावशी:
त्याच अभ्यासात असंही आहे ना, की कामावर शेजारी बसून गेलेले तास तेवढे उपयोगी पडत नाहीत? मोकळ्या वेळात एकत्र काय करता त्याला वजन आहे. गाडीत झोपलेले तास तुम्ही कोणत्या खात्यात धरले?

फास्ट लोकल:
मी झोपत नाही, मावशी. भजनात झांजा माझ्याकडे असतात.

माजी पर्सर, सीवूड्स:
जहाजावर पर्सर, म्हणजे प्रवाशांची सोय आणि हिशेब बघणारा अधिकारी, म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून मध्ये तोंड घालतो. तुम्ही सगळे मैत्री आपोआप होते असं धरून चाललात. तशी ती होत नाही, बरीचशी घडवून आणलेली असते. ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ, तोच वेटर, ही जुन्या लायनर बोटींपासून चालत आलेली पद्धत. एकटे आलेल्यांना कोणाशेजारी बसवायचं, यावर मेत्र-द-होटेल, म्हणजे जेवणघराचा प्रमुख, डोकं लावायचा. नवराबायको भांडताना दिसले तर दुसऱ्या दिवशी त्यांना बोलक्या टेबलावर हलवायचो. मावशींच्या खारघरच्या मैत्रिणीमागेही कोणीतरी असणार बघा.

आता ते कमी होत चाललंय. बऱ्याच जहाजांवर हवं तेव्हा, हवं तिथे जेवा. ओळखी जुळण्याची दुसरी जागा म्हणजे सुरक्षा कवायत. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण चोवीस तासांत केली तरी चालत होतं. २०१५ पासून नियम बदलला, जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत झालीच पाहिजे. केशरी जॅकेटं घालून शंभर-दीडशे माणसं एका जागी उभी, कोणाचा पट्टा उलटा, कोणाची शिट्टी वाजत नाही, सगळे हसतायत. तिथे जुळलेल्या ओळखी मी पाहिल्यात. करोनानंतर अनेक कंपन्यांनी ती माहिती केबिनमधल्या टीव्हीवर दिली. बघायची, ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची, परत यायचं. गर्दी टळली, ओळखही टळली.

आणि एक विनंती. केबिन साफ करणाऱ्या मुलाला कृपा करून "आमचा मित्र" म्हणू नका. तो टॉवेलचा हत्ती करतो, नाव लक्षात ठेवतो, तुमच्या नातवाची चौकशी करतो, कारण ते त्याचं काम आहे आणि तुमच्या अभिप्रायावर त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट बऱ्यापैकी अवलंबून असतं. आंतरराष्ट्रीय नियमाने त्याला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आहे. त्यातले दोन तुम्ही सेल्फीत आणि "गोव्यात घर कुठे?" यात घेऊ नका. प्रेम असेल तर कार्डावर त्याचं नाव लिहून चार बऱ्या ओळी लिहा.

कोलशेतकर:
पर्सरसाहेब, तुम्ही तर माझीच बाजू घेतलीत. घडवून आणलेली मैत्री म्हणजे सेटवरची भिंत. मागून बघितली की प्लायवूड.

माजी पर्सर, सीवूड्स:
बाजू नाही घेतली. लग्नंही पूर्वी सगळी घडवूनच आणायचे. काही मोडली, काही टिकली. टेबलावर बसवलं आम्ही, ठाणे-पनवेल लोकल पकडायला कोणी सांगितलं नव्हतं.

वर्तकनगरचा मालवणी:
ह्या चर्चेत कोकण बोट कोणी काढलीच नाही याचं नवल वाटलं. आमची आजी आगबोटीने मुंबईला यायची. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, अशी बंदरं घेत जाणारी बोट. धक्का नसेल तिथे पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, पोरं वरून हातोहात खाली द्यायची. खाली पडावात ती पोरं झेलणारा परकाच असायचा. डेकवर वळकटी टाकली की शेजारच्या वळकटीवाली बाई रात्रभर ओकणाऱ्या पोराचं डोकं धरायची. आजीची दापोलीकडची एक "बोटीतली बहीण" होती. आमच्या घरच्या लग्नांत ती मानाने यायची, आणि आम्हा पोरांना ती सख्खी नाही हे पुष्कळ उशिरा कळलं.

फास्ट लोकलला विचारतो, त्यांचे तास किती भरले होते? एक रात्र. पण त्या रात्री समुद्र खवळलेला होता. वातानुकूलित केबिनमध्ये कोणी कोणाचं डोकं धरत नाही, हा क्रूझचा खरा तोटा. धागाकर्त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं, पण कारण वेगळं. त्रास एकत्र काढला नाही, तर मैत्रीला धरायला काही राहत नाही.

हिरानंदानीतली नवी:
माझा वेगळाच प्रश्न. ह्यात अनपेक्षित काय आहे? ठाण्यातल्या टूर कंपनीतून जायचं, मराठी ग्रुपमध्ये बसायचं, आणि घोडबंदर रोडवरच्याच माणसाशी मैत्री करून यायचं. आमच्या टेबलावर निघालं कोण, तर आमच्याच सोसायटीच्या डी विंगमधलं कुटुंब. एकाच गेटने सात वर्षं ये-जा, आणि ओळख झाली अंदमान समुद्रात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये मान घालून असतात, जहाजावर नेट महाग म्हणून माना वर. बस, एवढंच कारण आहे.

ऐरोलीकर:
मग आता लिफ्टमध्ये बोलता का?

हिरानंदानीतली नवी:
बोलतो. पार्किंगवरून भांडतोही. क्रूझच्या आधी हे दोन्ही नव्हतं.

कोलशेतकर:
मालवणी दादा, कोकण बोटीतली माणसं गरजेने निघालेली होती. आम्ही मजेला गेलेले. मजेच्या ओळखीवर गरजेचं ओझं टाकू नये, एवढंच माझं म्हणणं. मावशींच्या मैत्रिणीने ते उचललं, त्यांना नमस्कार. पण धरून चालू नये. मी तर आता डेकवर कोणी मनातलं सांगायला लागलं की आधीच विचारणार, "तुम्ही राहता कुठे?" ठाण्याच्या जवळपासचे असाल तर नका सांगू.

घंटाळीची मावशी:
असं विचारणाऱ्याला कोणी काही सांगणारच नाही, तेव्हा तुमचा प्रश्न मिटला.

फास्ट लोकल, तुम्हाला मात्र एक विचारायचं राहिलं. तुमच्या ग्रुपमधलं कोणी निवृत्त झालंय का? गाडी सुटल्यावर त्यांचं काय झालं?

फास्ट लोकल:
चौघे झाले. एकजण अजून महिन्यातून एकदा पास नसताना तिकीट काढून आमच्याबरोबर सीएसएमटीपर्यंत येतो आणि उलट गाडीने परत जातो. एकाला आम्ही रविवारी तलावपाळीला भेटतो. बाकी दोघे ग्रुपवर आहेत. बोलत नाहीत.

घंटाळीची मावशी:
म्हणजे निम्मे. आमच्या टेबलावरही सहाच्या तिघीच राहिल्यात.