रॉडला काठी म्हणावं, पण रीळला काय? आणि 'अ‍ॅक्शन'ला?

डॅलसवासी
मी टेक्सासात असतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे गाडी काढून लेक फोर्क तलावावर बॅस मासे धरायला जातो. (बॅस. पोट भरल्यावर म्हणतात ते 'बास' नव्हे, गाण्यातला 'बेस'ही नव्हे.) पुढच्या महिन्यात रेवदंड्याहून मामा येतायत. खाडीवर गरी टाकण्यात त्यांची हयात गेली आहे. फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मामा, तुमच्यासाठी नवा रॉड घेतोय." मामा म्हणाले, "रॉड? कुणाशी भांडण झालंय का?"
चूक त्यांची नाही. मराठी पेपरात रॉड येतो तो 'लोखंडी रॉडने मारहाण' एवढ्यासाठीच. पण दुकानात मला रॉडची पॉवर, अ‍ॅक्शन, रीळचा गियर रेशो असं बरंच निवडायचंय आणि ते मामांना विचारून निवडायचंय. शब्द सुचवा.

खाडीकाठचा
काठीच म्हणा, गळाची काठी. आमच्याकडे गरी म्हणजे गळही आणि सगळा सरंजामही. गरीने मासे धरणं ते गरवणं, पाग फेकून धरणं ते पागणं. त्यामुळे तुम्ही तिथे 'मासेमारी' करत नाही, ती धंदा करणाऱ्याची. तुम्ही गरवायला जाता. मामांना हा एक शब्द पुरे आहे.
एक मात्र सांभाळा. 'सी बास' म्हणू नका, त्यांच्या डोळ्यांपुढे जिताडा येईल आणि मग तुमचा मासा त्यांना कायमचा खुजा वाटेल. बॅस गोड्या पाण्यातला, कुळ निराळं. त्याचा जागतिक विक्रमच २२ पौंडांच्या जरासा पुढे आहे: जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरीने धरलेला आणि जपानच्या बिवा सरोवरात २००९ साली मानाबू कुरिताने धरलेला, दोन्ही बरोबरीचे मानतात. म्हणजे दहा किलो. जिताडा याच्या कितीतरी पुढे जातो.

प्रमाणभाषाप्रेमी
पॉवर = शक्ती, अ‍ॅक्शन = क्रिया, गियर रेशो = दंतचक्र गुणोत्तर. हे शब्द असताना वेगळे शोधायचे कशाला?

डॅलसवासी
'मध्यम शक्तीची, जलद क्रियेची काठी' असं मामांना सांगितलं तर ते चूर्ण समजतील.

येवलेकर
मी कधी गळ टाकलेला नाही, पण रीळवर बोलायचा हक्क माझा आहे, कारण संक्रांतीला आमच्या गावात घरोघरी रीळ फिरतात. आम्ही त्याला आसारी म्हणतो. बांबूची असते. मुंबई-पुण्याकडे फिरकी म्हणतात. दोर गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा, यासाठी आपल्याकडे शब्द आधीपासून आहे. शिंप्याकडचं 'रीळ' चालेल, पण त्यात दोर सुटण्याचा वेग नाही.
मूळ प्रश्न वाचून मी दोन-चार व्हिडिओ पाहिले. बॅसवाले दोन तऱ्हेची रिळं वापरतात असं दिसलं. एक काठीच्या वर बसतं. फेकलं की त्याचं स्पूल, म्हणजे दोर गुंडाळलेली चकरी, गरागरा फिरतं आणि दोर सुटतो. ही सरळसरळ आसारी. दुसरं काठीखाली लोंबतं. त्याचं स्पूल फेकताना फिरतच नाही, दोर त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत निघून जातो. हे पाहून मी हसलो. ही तर हातमागाच्या धोट्यातली सुताची कांडी! पैठणी विणताना कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. मग शोधलं तर या रिळाचं पेटंट १९०५ साली घेणारा आल्फ्रेड इलिंगवर्थ हा इंग्लंडात ब्रॅडफर्डचा लोकरगिरणीवाला. त्याला ही कल्पना सुचली गिरणीतलं सूत सुटताना बघूनच. म्हणजे नाव आम्ही विणकर देतोय ते उसनं नाही, घरी परत येतंय.
माझा प्रस्ताव: बेटकास्टर म्हणजे आसारी, स्पिनिंग म्हणजे कांडी.

डॅलसवासी
वा! आणि फरक समजावण्याचं काम या शब्दांनीच होतं. आसारीत जड आमिष फेकता येतं, जाड दोर मावतो, नेमही चांगला साधतो. पण शिकायला महिना जातो. आमिष वाऱ्याला अडलं किंवा पाण्यात पडलं की त्याचा वेग मरतो, स्पूल मात्र त्याच तोऱ्यात फिरत राहतं आणि आतला दोर फुगून बाहेर येतो. नेमक्या वेळी अंगठा टेकवावा लागतो. इथले लोक या गुंत्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. मला ते काही मराठीत शोभेना.

येवलेकर
घरटं कशाला? गुंतवळ म्हणा. कंगव्यात अडकलेल्या केसांचा तो गोळा आठवा. पतंग अचानक झोल खाऊन खाली आला आणि आसारी धरणारा पोरगा गाफील असला की हेच होतं. आणि मासा ओढायला लागला की दोर थोडा थोडा सुटू देतात ना, ती ढील.

खाडीकाठचा
ढील पसंत. दोराला आम्ही तंगूस म्हणतो. नायलॉनचा तो.

जुना हिशेबनीस
पॉवर आणि अ‍ॅक्शन राहिलेच. माझ्या मते हे दोन शब्द इंग्रजीतही लोक एकमेकांत मिसळतात, कारण दोन्ही नावांतून काहीच कळत नाही. काठीला शेंडा असतो आणि बुडखा असतो, तिथून सुरुवात करा. काठी वाकवायला किती जोर लागतो तो तिचा ताठा. वाकताना कुठे वाकते तो तिचा बाक. 'फास्ट' म्हणजे बाक शेंड्याजवळ, 'मॉडरेट' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'स्लो' म्हणजे थेट बुडख्यापर्यंत. यात जलद-सावकाश कुठे आलं?
आता निवड. डॅलसवासींच्या तळ्यात धरण भरताना झाडं न तोडता बुडू दिली होती, असं वाचलंय. तिथे मासा गळाला लागला की पहिल्या झटक्यात खोडांपासून ओढून काढावा लागतो. त्याला ताठा जास्त आणि बाक शेंड्यालाच असलेली काठी हवी, सात फुटांच्या आसपास. एकच मोठा गळ, रबरी आमिष, त्यावर हिसका बसला पाहिजे. उलट तीन-तीन आकड्यांचे बारीक गळ लावलेलं, ओढताना थरथरणारं आमिष असेल तर निम्म्यापर्यंत लवणारी काठी बरी. ताठ काठीने हिसका दिला तर ते बारीक गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतात.
गियर रेशोला 'पट' म्हणा. ७:१ म्हणजे सातपटी: मूठ एकदा फिरवली की स्पूल सात फेरे घेतं. रबरी आमिषाला सातपटी, कारण ढिला दोर झटकन आवरायचा असतो. खोल जाणारं, पाण्याला जोर लावणारं आमिष ओढायला पाचपटी बरी, मनगट दुखत नाही. सायकल चढावर घालताना जे करता तेच.

प्रमाणभाषाप्रेमी
'ताठा' म्हणजे गर्व. काठीला गर्व कसा असेल?

जुना हिशेबनीस
दुकानातल्या किमती बघितल्यात का?

डॅलसवासी
ठरलं. स्वतःसाठी आसारी आहेच. मामांना पहिल्या दिवशी गुंतवळ सोडवत बसवायचं नाही, म्हणून त्यांना कांडी: साडेसहा फुटांची काठी, मध्यम ताठा, बाक शेंड्याला, आमिष पाव औंसाच्या आसपास, म्हणजे सात ग्रॅम. पाहुण्यालाही परवाना लागतो, तोही काढतो.
काल फोनवर हे सगळं याच शब्दांत सांगितलं. एकही शंका आली नाही. फक्त म्हणाले, "आमिष काय लावतोस?" म्हटलं, रबरी गांडूळ. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "आणि त्याला मासा लागतो?" लागतो. "मग कालवण कोण करतं?" म्हटलं, मामा, तिथला नियम आहे, १६ ते २४ इंचांमधला मासा परत सोडावाच लागतो. बाकीचेही मी बहुतेक सोडूनच देतो.
फोन मामींकडे दिला त्यांनी.