घरातला मृत्यू कादंबरीत आणावा का?

सातपूरकर:
मोठा भाऊ हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्यानंतर मी सातपूर एमआयडीसीतली क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी सोडली आणि कादंबरी लिहायला बसलो. कंपनीत जॉब, म्हणजे तयार केलेला सुटा भाग, रिजेक्ट झाला की कारण लिहावंच लागायचं: मटेरियल, मशीन की माणूस. भावाच्या बाबतीत त्या रकान्यात काही भरता येईना. आईला कारण हवंच नव्हतं. दहाव्याला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पिंड ठेवला, कावळे भिंतीवर बसलेले, पण एकही खाली उतरेना. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले तशी आई पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली, "पोरीचं शिक्षण माझ्याकडे लागलं. तू जा आता." कावळा शिवला. हाच प्रसंग कादंबरीचा गाभा आहे. वहिनी म्हणते, छापू नकोस. मला वाटतं, लिहायलाच हवं. तुमचं मत सांगा.

म्हसरूळची लेक:
स्पष्ट बोलते, राग मानू नका. तो शब्द आईंनी गेलेल्या मुलाला दिला होता, वाचकांना नाही. उद्या त्या पोरीला चार जण विचारतील, तुझी फी आजी भरते का गं? दुःख तुम्हालाही आहे, पण नवरा वहिनीचा गेला. आणि नावं बदलून काही होत नाही. नाशकात दोन गल्ल्या ओलांडल्या की ओळख निघते.

जुना वाचक, पंचवटी:
असं म्हणत बसलो तर मराठीत काही लिहूनच व्हायचं नाही. साने गुरुजींनी अमळनेरची मास्तरकी सोडून १९३० साली चळवळीत उडी घेतली आणि १९३३ मध्ये इथेच, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. घरची गरिबी, सावकाराचं कर्ज, आईचं दुखणं, तिची देवावरची श्रद्धा, सगळं त्यात आलं. लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या जलालपूरच्या. वडिलांचं कडक सोवळं, नवऱ्याचं १८९५ मध्ये ख्रिस्ती होणं, त्यापायी झालेली ताटातूट, बाईंनी 'स्मृतिचित्रे'त काही झाकलं नाही. तरी वाचताना कुणाचाच तिरस्कार वाटत नाही. कसोटी ती.

म्हसरूळची लेक:
साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली. मध्ये सोळा वर्षं आहेत, काका. यांच्या वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी अजून खळलेलं नाही.

गंगापूर रोडवरून:
मला काळजी श्रद्धेची आहे. अशा लिखाणात एक तर गुरुजी लबाड आणि आई भोळी असते, नाही तर कावळा शिवला की चमत्कार होतो. दोन्ही खोटं. रामकुंडावरच्या कावळ्यांना रोज पिंड मिळतात, त्यांची पोटं भरलेली असतात, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळतं. तरी माणसं हात जोडून ताटकळतात. हे दोन्ही एका पानावर आणता येत असेल तर जरूर लिहा.

सातपूरकर:
तेच आणायचंय. आई एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीला जायची, अजूनही जाते. हल्ली मीही बरोबर जातो. देव मानतोस का म्हणाल, तर आज सांगता येत नाही, आणि कादंबरीतही ते सांगून टाकणार नाही.
थांबायला मात्र मी तयार नाही. दहा वर्षांनी भाऊ भिंतीवरच्या फोटोसारखा नुसता चांगला उरेल. तो तापट होता. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा, आणि रात्री गुपचूप स्वतःच वाढून घ्यायचा. तो तसाच मला हवाय.

म्हसरूळची लेक:
वहिनीला तसा नको असेल तर? छापायच्या आधी वही तिच्या हातात द्या. तिने पान काढायला सांगितलं तर काढणार का, एवढंच सांगा.

सातपूरकर:
देतो. ताटाचं पान ती म्हणाली तर काढीन. कावळ्याचं नाही. तिथे बोलली ती आई, आणि आई "लिही" म्हणाली आहे.

म्हसरूळची लेक:
मग हे आईंनी वहिनीला समोर बसवून सांगावं. तुमच्या तोंडून ती ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.